‘डूलॅली’ : एका इंग्रजी विशेषणाचे मराठी माहेर

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी कादंबरीच्या मराठी अनुवादाची मुद्रिते वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. कादंबरी इंग्लंडमधल्या एका खेड्यात घडणारी. घरातले म्हातारे आजोबा हल्ली असंबद्ध बोलतात, रात्री-अपरात्री उठून बागेत जाऊन बसतात, अशी तक्रार सून शेजारणीजवळ करते. तिच्या बोलण्याच्या शेवटी अनुवादात वाक्य होते : ‘काय सांगू तुला, आजोबा देवळालीला गेलेत.’

मी ते वाक्य वाचून पुढे गेलो आणि चार ओळींनंतर मागे आलो. म्हातारा माणूस हवापालटासाठी देवळालीला जाणे यात मराठी वाचकाला खटकण्यासारखे काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथल्या आरोग्यधामांत जाऊन राहिलेले आहेत. पण इंग्लंडच्या खेड्यातला, काठीशिवाय चालता न येणारा म्हातारा नाशिकजवळ पोचला कसा, हे अनुवादकाला, संपादकाला आणि पहिल्या वाचनात मलाही सुचले नव्हते. मूळ पुस्तक काढून पाहिले. तिथे आजोबा ‘डूलॅली’ झाले होते. म्हणजे त्यांचे डोके फिरले होते. अनुवादकाने शब्द आळसाने सोडला नव्हता. उलट, कोश उघडून त्याचा उगम शोधला होता आणि उगमालाच अर्थ समजून तो वाक्यात बसवला होता.

या चुकीवर हसणे सोपे आहे. पण ती दुरुस्त करताना माझ्या लक्षात आले, की या शब्दाची जी हकीकत सर्वत्र सांगितली जाते, तिच्यातही असाच एक घोटाळा आहे. उगम आणि अर्थ यांच्यामधला रस्ता आपण पुरता चाललेलोच नाही. प्रस्तुत लेखात तो रस्ता चालून पाहायचा आहे.

शब्द आणि त्याचा वापर

आजच्या ब्रिटिश इंग्रजीत ‘डूलॅली’ हे विशेषण चांगलेच प्रचारात आहे. ते घरगुती आहे, थट्टेचे आहे आणि वैद्यकाशी त्याचा काही संबंध नाही. डॉक्टर आपल्या टिपणात ते लिहिणार नाही. पण विसराळू मावशी, विचित्र वागणारा शेजारी, नको ते बटण दाबल्यावर बिथरलेले यंत्र, यांना तो शब्द सर्रास लावला जातो. विशेष म्हणजे तो नामाआधी फारसा येत नाही. ‘डूलॅली माणूस’ असे क्वचितच म्हणतात. ‘तो डूलॅली झाला’, ‘ती डूलॅली होत चालली आहे’ अशीच त्याची रचना असते. त्यात एखाद्या अवस्थेत जाणे, शहाण्या माणसाचे हळूहळू घसरणे अभिप्रेत असते. ही रचना लक्षात ठेवायला हवी. शब्दाचा सगळा इतिहास तिच्यात दडलेला आहे.

कानालाही हा शब्द इंग्रजीच वाटतो. त्याचा शेवट इंग्रजीतल्या असंख्य क्रियाविशेषणांसारखा आहे आणि त्याची लय ‘डिली-डॅली’, ‘विली-निली’ अशा जोडशब्दांच्या कुळातली आहे. म्हणूनच कित्येक इंग्रजांना तो एखाद्या बडबडगीतातून आलेला वाटत असेल. प्रत्यक्षात तो मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या एका स्थानकाचे नाव आहे.

‘देवळाली’ या नावात देऊळ सरळ ऐकू येते. गोऱ्या शिपायाला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या जिभेला दंत्य ‘द’ नव्हता, ‘ळ’ तर नव्हताच. रोमन लिपीत नाव ‘देओलाली’ झाले, ‘ळ’चा ‘ल’ झाला, ‘द’चा ‘ड’ झाला आणि ‘एओ’ ही जोडी जिभेवर ‘ऊ’ होऊन बसली. परके शब्द आपल्या ओळखीच्या आवाजात बसवून घेण्याची ही सवय इतकी पक्की होती, की यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा त्याला नावच ‘हॉब्सन-जॉब्सन’ असे दिले. मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन! या हुसेन!’ या आक्रोशाचे गोऱ्या पलटणींनी केलेले ते रूप. शोकाच्या घोषाची जिथे दोन इंग्रज आडनावे झाली, तिथे देवळालीची डूलॅली होण्यात नवल ते काय?

छावणी आणि जहाजे

आता या गावाशी वेडाचा संबंध कसा आला ते पाहू. १८५७ नंतर हिंदुस्थानात गोऱ्या सैन्याचे प्रमाण मुद्दाम वाढवण्यात आले. पुढच्या काळात साठ-सत्तर हजार ब्रिटिश शिपाई सतत या देशात असत. दरवर्षी त्यांतले काही हजार परत जात आणि तेवढेच नवे येत. ही ये-जा मुंबई बंदरातून होई. मुंबईच्या दमट हवेत आणि गर्दीत एवढी माणसे ठेवणे सोयीचे नव्हते. म्हणून १८६१ साली देवळालीला संक्रमण छावणी उभी राहिली. जागा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, हवा कोरडी आणि बरी. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर बंदराशी संबंधही सोपा झाला.

जहाजांचे मात्र वेळापत्रक होते आणि ते ऋतूंशी बांधलेले होते. १८६६-६७ मध्ये या कामासाठी पाच मोठी जहाजे पाण्यात उतरवली गेली. ‘क्रोकोडाइल’, ‘युफ्रेटिस’, ‘जमना’, ‘मलाबार’ आणि ‘सेरापिस’ अशी त्यांची नावे. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातली उष्णता आणि पावसाळ्यात खवळलेला अरबी समुद्र यांमुळे सैन्याची ने-आण साधारण थंडीच्या महिन्यांतच होत असे. ज्याची मुदत हंगाम संपता संपता भरली आणि जो शेवटच्या जहाजात मावला नाही, त्याने पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे.

त्यातच १८७० साली सैन्यभरतीचा नवा कायदा आला. बारा वर्षांच्या करारातली काही वर्षे प्रत्यक्ष पलटणीत आणि उरलेली घरी राहून राखीव दलात, अशी विभागणी झाली. पूर्वी शिपाई हयातीचा मोठा भाग पलटणीत घालवी. आता सहा, सात, आठ वर्षांनी ‘मुदत भरलेला’ माणूस ही एक नवी जात तयार झाली. हा माणूस अजून शिपाई होता, पण आता शिपाईगिरीचे काही काम त्याच्याकडे नव्हते. घर समोर दिसत होते, पण जहाज नव्हते. असे शेकडो लोक आपापल्या पलटणी मागे सोडून देवळालीच्या माळावर एकत्र येत.

साक्षीदार काय म्हणतो

त्या माळावर काय होई, याची सगळ्यात चांगली साक्ष फ्रँक रिचर्ड्स या शिपायाने दिली आहे. रिचर्ड्स वेल्सकडचा, कोळशाच्या खाणीत काम केलेला. रॉयल वेल्श फ्युझिलिअर्समध्ये भरती होऊन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात राहिला. पहिल्या महायुद्धावरच्या पुस्तकाने त्याचे नाव झाले. त्यानंतर १९३६ साली त्याने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे हिंदुस्थानातल्या नोकरीच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. अधिकाऱ्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत. साध्या शिपायाने लिहिलेले असे पुस्तक दुर्मीळच.

रिचर्ड्स सांगतो, की मुदत भरलेल्या लोकांना देवळालीत ना शस्त्रे असत, ना सरंजाम. अधूनमधून सामानाची तपासणी आणि एखादी लांब पायपीट, यापलीकडे त्यांना काम नसे. जहाजासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे आणि वेळ खायला उठे. ज्यांची सगळी नोकरी निष्कलंक गेली, असे काही शिपाई इथे येऊन काहीतरी गंभीर भानगड करून बसत आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जात. काहींना गुप्तरोग जडे आणि त्यांची रवानगी इस्पितळात होई. विचित्र वागणाऱ्या माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणण्याची शिपायांची रीत या छावणीतल्या कंटाळ्यातून पडली असावी, असे तो नोंदवतो.

या साक्षीत दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत आणि दोन्हींकडे दुर्लक्ष झालेले आहे. पहिली गोष्ट ‘असावी’ ही. रिचर्ड्स हे सांगताना ‘मला वाटते’ अशी पुस्ती जोडतो. स्वतः त्या जगात राहिलेला माणूस जपून बोलतो आणि त्याच्याच आधारावर पुढे लिहिणारे मात्र बेधडक निकाल देतात.

दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. रिचर्ड्सच्या यादीत तुरुंग आहे, गुप्तरोग आहे, कंटाळा आहे. वेड लागलेला माणूस नाही. चांगला माणूस अखेरच्या चार महिन्यांत का बिघडला, हे कोडे बाकीच्या शिपायांना पडले होते आणि त्यांनी त्याला थट्टेने एका रोगाचे नाव दिले. एखाद्या प्रदेशाच्या नावाने ताप ओळखला जातो, तसा हा ‘देवळालीचा ताप’. ते निदान कुणा वैद्याने केलेले नव्हते. ते बराकीतल्या माणसांनी आपल्या सोबत्याबद्दल काढलेले उद्गार होते. त्यात थट्टा होती, तशीच थोडी कणवही होती, कारण उद्या पाळी आपली होती.

वेड्यांच्या इस्पितळाची कथा

असे असूनही या शब्दाबद्दल दुसरीच कथा अधिक सांगितली जाते. देवळालीला म्हणे वेड्या सैनिकांचे मोठे इस्पितळ होते, म्हणून ‘डूलॅली’ म्हणजे वेडा. ही कथा ऐकताक्षणी पटते. ती इतकी चटकन पटते, हेच तिच्याबद्दल संशय घेण्याचे कारण आहे.

गावाच्या नावाने वेड सुचवण्याची पद्धत जगभर आहे आणि तिथे बहुधा खरोखरच तसे इस्पितळ असते. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ किंवा ‘येरवड्याला जागा बघा’ असे म्हणतात, ते तिथल्या मनोरुग्णालयांमुळे. हिंदीत तेच आग्रा आणि रांची यांच्याबद्दल म्हणतात. इंग्रजीतही जुना दाखला आहे. लंडनमधल्या, १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेहेम या संस्थेत पुढे वेडे ठेवू लागले आणि त्या नावाचा अपभ्रंश ‘बेडलम’ हा गोंधळ-गोंगाटाचा वाचक झाला. हा साचा मनात तयार असल्यामुळे देवळालीचे नाव वेडाशी जोडलेले दिसताच आपण तिथे एक इस्पितळ उभे करतो. शब्दापासून इस्पितळ तयार होते. इस्पितळापासून शब्द झाल्याचा पुरावा रिचर्ड्सच्या साक्षीत मिळत नाही.

शब्दाचा सूरही या कथेच्या विरुद्ध आहे. इस्पितळांवरून आलेल्या प्रयोगांत एक दरारा असतो. ‘येरवडा’ म्हटले की भिंत डोळ्यांसमोर येते, फाटक येते. ‘डूलॅली’त भिंत नाही. त्यात उन्हात बसून माशा मारणारा माणूस आहे. ‘तो तिथे आहे’ असे न म्हणता ‘तो तसा झाला’ असे म्हणण्याची जी रचना आपण सुरुवातीला पाहिली, ती हेच सांगते. कोंडून ठेवलेल्या वेड्याचे हे वर्णन नाही. शहाणा आलेला माणूस दिवस मोजता मोजता कसा झाला, याचे ते वर्णन आहे.

‘टॅप’चे काय झाले?

जुन्या नोंदींत हा शब्द एकटा येत नाही. एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या शिपाई-खलाशांच्या शब्दकोशात ‘देवळाली टॅप’ किंवा ‘डूलॅली टॅप’ अशी जोडीची नोंद आहे, अर्थ वेडा, आणि शब्द जुन्या लष्करातला. छावणी १८६१ ची आणि कोश १९२५ चा, या अंतराचे आश्चर्य वाटायला नको. शिपायांचे शब्द तोंडात जगतात, कागदावर येत नाहीत. महायुद्धात लाखो कारकून, शिक्षक, दुकानदार खाकी घालून जुन्या शिपायांच्या शेजारी चिखलात बसले, तेव्हा त्यांच्या कानी ही बोली पडली. युद्धानंतर ती गोळा करण्याची लाट आली आणि जुने शब्द पहिल्यांदा छापून निघाले.

‘टॅप’ म्हणजे ताप. इथे मराठी वाचकाचा ऊर भरून येण्याचा संभव आहे. ‘डोक्याला ताप’ हा आपला रोजचा प्रयोग आणि गाव तर आपलेच! पण जपून बोलायला हवे. पेशावरपासून मद्रासपर्यंत बदली होत फिरणाऱ्या गोऱ्या शिपायाची देशी भाषा म्हणजे मोडकी हिंदुस्थानी. तिच्यात ‘तप’ आहे, फारसीत ‘तब’ आहे, आपल्याकडे ‘ताप’ आहे. सगळ्यांचे मूळ एकच. आवाजावरून निवाडा करावा, तर ‘पक्का’चा इंग्रज ‘पुक्का’ लिहितो, त्या न्यायाने ‘तप’चे ‘टप’ व्हायला हवे होते आणि ‘ताप’चे ‘टाप’. झाले मात्र ‘टॅप’, कारण इंग्रजीत टिचकीला आणि पाण्याच्या तोटीला ‘टॅप’ हा शब्द आधीच होता आणि ओळखीच्या शब्दाने अनोळखी शब्दाला आपल्याकडे ओढले. तेव्हा पहिला अर्धा भाग निःसंशय मराठी भूमीचा. दुसऱ्यावर मराठीने एकटीने हक्क सांगू नये. गंमत एवढीच, की ‘तप्’ या धातूचे सगेसोयरे युरोपातही आहेत. इंग्रजीतले कोमट या अर्थाचे ‘टेपिड’ हे लॅटिनमार्गे गेलेले विशेषण त्याच घराण्यातले. म्हणजे शिपायाला जो शब्द परका वाटला, त्याचा चुलतभाऊ त्याच्याच भाषेत बसलेला होता.

पण तोटी आणि टिचकी या अर्थांनी ‘डूलॅली टॅप’चा काही बोध होईना. हिंदुस्थानी न कळणाऱ्या पिढीच्या तोंडून ‘टॅप’ गळून पडला. ‘त्याला डूलॅलीचा ताप आला’ याचे ‘तो डूलॅली झाला’ असे झाले. व्याकरणाच्या दृष्टीने ही मोठीच उलथापालथ आहे. नाम गेले आणि त्याला विशेषणासारखे चिकटलेले गावाचे नाव मागे उरले. रोगाचे नाव पुसले गेले आणि गावच रोग झाले.

बरोबरीच्या दुसऱ्या एका शब्दाशी तुलना केली म्हणजे हे नीट कळेल. ‘पागल’वरून आलेला ‘पॉगल’ हा शब्द ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये आहे. अर्थ सरळ, आलाही सरळ. पण सामान्य इंग्रजीत ‘डूलॅली’ची बरोबरी त्याला साधली नाही. अर्थ असलेला शब्द मागे पडला आणि अर्थ हरवलेला शब्द पुढे गेला, कारण त्याचा आवाज इंग्रजीला गोड वाटला.

शब्दाला काय आठवते?

गावांवरून विशेषणे होणे नवे नाही. ग्रीसमधल्या लॅकोनियाचे लोक मोजके बोलत, म्हणून मितभाषी माणूस ‘लॅकोनिक’. पण तिथे गुण गावकऱ्यांचा होता. देवळालीच्या बाबतीत गावकऱ्यांचा काहीच संबंध नाही. वेड आले पाहुण्यांना आणि नाव बद्दू झाले यजमानांचे. पाणी भरणारे, कपडे धुणारे, चहा विकणारे लोक त्या छावणीत रोज राबत होते. कंटाळायला त्यांना सवड नव्हती. ते या गोऱ्यांबद्दल आपसात काय बोलत, याचा कोश कुणी केला नाही.

बीबीसीवर १९७४ ते १९८१ या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका चालली. तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या देवळालीच्या छावणीत होते. तिचा एक लेखक जिमी पेरी स्वतः तिथल्या लष्करी करमणूक पथकात होता. मालिकेतल्या रंगी राम या भारतीय ‘बेअरर’ची प्रमुख भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केली. पुढे या मालिकेवर जी टीका झाली, तिचा हा एक मोठा मुद्दा होता. शब्दाच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे : जागा आपली, आवाज आपल्या शब्दाचा, पण बोलणारा माणूस दुसरा.

तरीही हा शब्द मला उपरा वाटत नाही. शिपायांच्या बोलीत देवळालीचा एक सोबती होता, ‘ब्लायटी’. तो ‘विलायती’वरून आला आणि त्याचा अर्थ झाला घर, इंग्लंड, मायदेश. जिथे जायचे त्या ठिकाणाचे नाव आणि तिथे जाता येत नाही तेव्हा जे होते त्याचे नाव, दोन्ही त्या माणसांनी आपल्याकडून उचलली. स्वतःच्या घराला त्यांनी परक्यांच्या भाषेतून हाक मारावी, यात घरापासून ते किती वर्षे आणि किती दूर होते ते कळते.

राहिले ते मुद्रित. ‘डूलॅली’ तसाच ठेवला असता तर वाचकाला कळला नसता. ‘वेडे झालेत’ फार कठोर झाले असते. सून सासऱ्याबद्दल तसे म्हणणार नाही. ‘भ्रमिष्ट’ पुस्तकी आणि ‘चक्रम’ उद्धट. अखेर मी समासात लिहिले : ‘आजोबा जरा चळलेत.’ चळणे म्हणजे जागेवरून हलणे. मराठी माणसाचे डोके जागेवरून हलले की तो चळतो. तो इंग्रज शिपाई जागेवरून हलता येईना म्हणून चळला होता. अनुवादकाने दुरुस्ती मान्य केली. फक्त देवळाली गेल्याची त्यांना हळहळ वाटली. ती मलाही वाटली.